पाण्याचा स्मार्ट मीटर: बसवणं सोपं, बोलता ठेवणं अवघड

वीजमीटर बदलायला माणूस दारात आला की सध्या राज्यात कुठेही दोन प्रश्न हमखास निघतात. बिल वाढणार का? आणि हा मीटर आमच्यावर पाळत ठेवणार का? पाण्याच्या मीटरचंही तसंच. पुण्यात समान पाणीपुरवठा योजनेत नळजोडांवर एएमआर मीटर, म्हणजे आपलं रीडिंग रेडिओने पाठवणारे मीटर, बसू लागले, तेव्हा हेच प्रश्न सोसायट्यांच्या बैठकांत आले. दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची उत्तरं पुढे दिली आहेत. पण तिसरा एक प्रश्न फारसं कुणी विचारत नाही, आणि पैसे सत्कारणी लागले की नाही हे त्यावरच ठरतं. रस्त्याकडेच्या चेंबरमध्ये, दर पावसाळ्यात पाण्याखाली जाणारं हे यंत्र सातव्या वर्षीही रीडिंग पाठवत असेल का?

हा प्रश्न आत्ताच विचारायला हवा. केंद्राचं स्मार्ट सिटी अभियान २५ जून २०१५ रोजी सुरू झालं आणि ३१ मार्च २०२५ रोजी संपलं. शंभर शहरांत महाराष्ट्रातली आठ होती: पुणे, सोलापूर, नाशिक, नागपूर, ठाणे, कल्याण-डोंबिवली, पिंपरी-चिंचवड आणि छत्रपती संभाजीनगर. गोव्यातून पणजी होतं. अभियानाचा निधी थांबला, यंत्रं मात्र जागेवर आहेत. त्यांची बॅटरी बदलणं, सिमचे पैसे भरणं, बंद पडलेलं शोधून काढणं हा खर्च आता शहरांच्या नेहमीच्या अंदाजपत्रकातून होणार.

पाण्याचा मीटर उदाहरण म्हणून घेण्याचं कारण साधं आहे. वीजमीटरला वीज आयती मिळते आणि तो भिंतीवर कोरड्या जागी असतो. पाण्याच्या मीटरला यातलं काहीच मिळत नाही. जमिनीखाली, ओलीत, एका बॅटरीवर त्याला दहा-बारा वर्षं काढायची असतात. इथे जे टिकलं ते शहरात कुठेही टिकेल.

यंत्रणेतले चार दुवे

नेटवर्कवरून बोलणाऱ्या अशा यंत्रांना इंटरनेट ऑफ थिंग्ज म्हणतात. नाव भारदस्त आहे, रचना सोपी आहे. पहिला दुवा सेन्सर, म्हणजे मोजणारा भाग. दुसरा, त्याला जोडलेला छोटा रेडिओ. तिसरा गेटवे: उंच जागी बसवलेलं, शेकडो-हजारो रेडिओंचे संदेश ऐकून ते इंटरनेटवर पुढे पाठवणारं खोकं. आणि चौथा सर्व्हर, जिथे रीडिंग साठतं आणि बिल तयार होतं.

एएमआर मीटरला बऱ्याचदा तिसरा दुवा कायमचा नसतोच. कर्मचारी हातात रिसीव्हर घेऊन गल्लीतून चालत जातो किंवा गाडी हळू फिरवतो, आणि मीटर आपलं रीडिंग त्याला पाठवतात. चेंबरचं झाकण उघडावं लागत नाही, बंद घरासाठी परत खेप पडत नाही. पण रीडिंग महिन्यातून किंवा दोन महिन्यांतून एकदाच मिळतं. याउलट उंच टाकीवर कायमचा गेटवे बसवला आणि मीटर दर तासाला रीडिंग पाठवू लागला, तर गळती त्याच रात्री कळू शकते. आपल्या शहरात या दोनपैकी कुठला प्रकार आला आहे, हे आधी विचारून घ्यावं. ‘स्मार्ट’ या एकाच शब्दात दोन्ही खपतात, आणि फायद्यांची यादी मात्र दुसऱ्या प्रकाराची वाचून दाखवली जाते.

आधी पाणी, मग मीटर

बहुतेक शहरांत पाणी दिवसातून काही तास येतं, कुठे एक-दोन दिवसांआड. बाकीचा वेळ नळ रिकामा असतो, म्हणजे त्यात हवा असते. पाणी सोडलं की ते ही हवा पुढे ढकलतं आणि ती घरोघरच्या जोडांतून जोरात बाहेर पडते. मीटरमध्ये फिरणारी चक्री असेल तर ती हवेनेही फिरते, पाण्यापेक्षा जोरात फिरते, आणि आकडा पुढे सरकतो. ‘मीटर पळतो’ ही तक्रार अनेकदा खरी असते ती यामुळे. त्यात रेडिओचा दोष नाही. साधा यांत्रिक मीटरही असाच पळतो.

उपाय दोन आहेत. जलवाहिनीच्या उंच ठिकाणी हवा सोडणारे व्हॉल्व्ह चालू स्थितीत ठेवायचे. नाहीतर चक्री नसलेला अल्ट्रासॉनिक मीटर घ्यायचा. तो ध्वनिलहरी पाण्यातून पाठवून वेग मोजतो आणि नळीत हवा असेल तर मोजणीच थांबवतो. मात्र गाळ आणि क्षार त्याच्या सेन्सरवरही साचतात, त्यामुळे त्याला देखभाल लागतच नाही असं समजू नये. पाणी बंद होताना उलटा ओढा बसतो, तेव्हा मीटरनंतर एकदिशा व्हॉल्व्ह नसेल तर आकडा मागेही येऊ शकतो.

दुसरी अडचण याच्या नेमकी उलट, मीटरने कमी मोजण्याची. आपल्याकडे घरोघरी हौद आणि गच्चीवरची टाकी असते आणि तिच्या तोंडाशी बॉलकॉक. टाकी भरत आली की बॉलकॉक हळूहळू मिटतो आणि पाणी बारीक धारेने येत राहतं. अर्ध्या इंची जोडाचा एक नेहमीचा मीटर ताशी २,५०० लिटरच्या प्रवाहासाठी बनवलेला असतो. त्याचा दर्जा ‘आर १००’ असेल तर अचूकतेची हमी ताशी २५ लिटरपर्यंतच, त्याखाली नाही. ताशी १० लिटरची धार अखंड चालू राहिली तर दिवसाला २४० लिटर पाणी मोजणीतून निसटू शकतं. ‘आर ४००’ दर्जाच्या मीटरची हमी सव्वासहा लिटरपर्यंत खाली जाते. निविदेत हा आकडा कमी धरला की दहा वर्षांचा महसूल त्या धारेबरोबर वाहून जातो, मग रेडिओ कितीही चांगला असो.

कराडजवळच्या मलकापूरचं नाव या विषयात आदराने घेतलं जातं ते याच मुद्द्यावर. २००९ च्या सुमारास तिथे चोवीस तास पाणीपुरवठा सुरू झाला, सोबत एएमआर मीटर आणि वापराबरोबर वाढत जाणारे टप्प्याटप्प्याचे दर आले. नळात सतत दाब असल्यामुळे हवेचा प्रश्न मिटला आणि मीटरला अचूक राहण्याची संधी मिळाली. पाणी दिवसाआड ठेवून फक्त मीटर स्मार्ट केला तर हे घडत नाही.

चेंबरमधून सिग्नल बाहेर पडतो कसा

भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा रेडिओपट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त आहे. लोरावॅन नावाची पद्धत इथे याच पट्ट्यात चालते. मोकळ्या माळावर तिचा संदेश काही किलोमीटर सहज जातो, आणि माहितीपत्रकात हाच आकडा ठळक छापलेला असतो. प्रत्यक्षात मीटर जमिनीखाली दीड-दोन फुटांवर असतो, वर बिडाचं झाकण, झाकणावर कुणाची तरी गाडी, समोर चार मजली इमारत. जुन्या पेठेच्या गल्लीत हाच पल्ला काहीशे मीटरांवर येतो.

लोखंडी झाकण रेडिओलहरी अडवतं, म्हणून फायबरचं झाकण लावतात किंवा अँटेना झाकणाच्या वरच्या अंगाला आणतात. पावसाळ्यात चेंबर भरलं तर पाणी लहरी शोषून घेतं आणि परतही फिरवतं, त्यामुळे संदेश जवळपास बंद होतो. इथे आयपी ६७ आणि आयपी ६८ यांतला फरक जाणून घ्यावा. आयपी ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरणं. सतत बुडून राहण्यासाठी आयपी ६८ लागतं, आणि किती खोल व किती काळ ही अट उत्पादकाकडून लेखी घ्यावी लागते. यंत्र पाण्यात टिकलं म्हणजे ते पाण्यातून बोलू शकतं असं नव्हे, हे दोन वेगळे गुण आहेत.

लोरावॅनमध्ये यावर एक सुंदर युक्ती आहे. लांबच्या शेतातल्या माणसाला हाक मारताना आपण शब्द ताणून, सावकाश उच्चारतो, म्हणजे वाऱ्यातही ते कळतात. मीटरही तसंच करतो. सिग्नल चांगला असेल तर तो संदेश झटपट उरकतो, क्षीण असेल तर ताणतो. ताणण्याच्या सहा पायऱ्या आहेत, सातपासून बारापर्यंत क्रमांक दिलेल्या. बारा बाइटचा संदेश सातव्या पायरीवर सुमारे ६२ मिलिसेकंदांत जातो. बाराव्या पायरीवर त्यालाच जवळपास दीड सेकंद लागतो, म्हणजे चोवीसपट. हा चोवीसपट फरक लक्षात असू द्या. पुढचे दोन्ही हिशेब त्याच्यावरच उभे आहेत.

बारा बाइट म्हणजे फारच कमी वाटतात, पण पुरतात. चार बाइटांत एकूण रीडिंग लिटरमध्ये, एक बाइट छेडछाड किंवा उलट्या प्रवाहाच्या सूचनेला, एक बॅटरीला, आणि उरलेल्या सहा बाइटांत मागच्या सहा तासांचा वापर दहा-दहा लिटरच्या मापात. एखाद-दोन संदेश वाटेत हरवले तरी पुढच्या संदेशातून पोकळी भरते. ही साधी काळजी न घेतलेले मीटर बाजारात आहेत आणि त्यांच्या नोंदींत भोकंच भोकं दिसतात.

बॅटरीचा हिशेब

‘दहा वर्षांची बॅटरी’ हे वाक्य अर्धवट आहे. किती वेळा बोलून, कुठल्या पायरीवर, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

पेन्सिल सेलच्या आकाराची ३.६ व्होल्टची लिथियम थायोनिल क्लोराइड बॅटरी घेऊ. तिच्यात साधारण २,४०० मिलिअँपिअर-तास भार असतो. मीटर झोपेत ५ मायक्रोअँपिअर घेत असेल तर वर्षाला ४४ खर्च होतात. बॅटरी न वापरताही सुमारे एक टक्का झिजते, ते २४. संदेश पाठवताना ४० मिलिअँपिअर लागतात असं धरू, आणि उत्तर ऐकण्यात जाणारा थोडा खर्च सोडून देऊ.

दर तासाला एक संदेश, सातव्या पायरीवर: वर्षाला फक्त ६. एकूण ७४, म्हणजे कागदावर तीस वर्षांहून जास्त. इतकी वर्षं सीलच टिकणार नाही, बॅटरीची चिंता नको.

तोच संदेश बाराव्या पायरीवर: वर्षाला १४४. एकूण २१२, आयुष्य सुमारे अकरा वर्षं. अजून ठीक.

पण चेंबर खोल आहे, पोचपावती येत नाही आणि मीटर प्रत्येक संदेश तीनदा पाठवतोय असं समजा. आता आयुष्य पावणेपाच वर्षांवर आलं. आणि कुणी हौसेने ‘दर पाच मिनिटांनी रीडिंग हवं’ असा आग्रह धरला, तर बाराव्या पायरीवर हीच बॅटरी सोळा महिन्यांत संपते.

म्हणजे एकाच कंपनीचा, एकाच दिवशी बसवलेला मीटर एका गल्लीत दशकभर चालतो आणि शेजारच्या गल्लीत निम्म्या आयुष्यात मान टाकतो. दोष कंपनीचाच असतो असं नाही. गेटवे कुठे बसवला, त्यावरही हे ठरतं. आणखी एक-दोन गेटवे वाढवून मीटरांना खालच्या पायरीवर आणणं हे हजारो बॅटऱ्या बदलण्यापेक्षा जवळजवळ नेहमीच स्वस्त पडतं. माझ्या मते कुठल्याही शहराने पहिला जादा रुपया इथेच खर्च करावा.

या बॅटरीची एक खोड आहे. फार काळ स्वस्थ राहिली की आतल्या लिथियमवर क्षाराचा पातळ थर चढतो. त्यानेच ती इतकी वर्षं टिकते, पण अचानक ४० मिलिअँपिअर मागितले की व्होल्टेज क्षणभर कोसळतं आणि मीटरमधला प्रोसेसर बंद होऊन पुन्हा सुरू होतो. बॅटरी तपासली तर भरलेली, मीटर मात्र मुका. बॅटरीच्या जोडीला योग्य कपॅसिटर लावला की तो हा क्षणिक भार उचलतो. मीटर उघडून पाहणाऱ्या अभियंत्याने सगळ्यात आधी तो आहे का ते बघावं.

दहा हजार मीटर एकाच वेळी बोलले तर

हे मीटर एकमेकांचं ऐकून थांबत नाहीत. वेळ झाली की बोलून टाकतात. दोन संदेश एकाच रेडिओवाहिनीवर, एकाच पायरीवर, एकाच क्षणी आले तर साधारणपणे दोन्ही खराब होतात. या पद्धतीचं गणित जुनं आहे. १९७० मध्ये हवाई बेटांवरची विद्यापीठाची केंद्रं रेडिओने जोडताना ‘अलोहा’ नावाने ते मांडलं गेलं.

आठ वाहिन्यांचा एक गेटवे आणि त्याच्या टप्प्यात दहा हजार मीटर, प्रत्येकी तासाला एक संदेश. सगळे सातव्या पायरीवर असतील तर शंभरातले ९६ संदेश सुखरूप पोचतात. सगळे बाराव्या पायरीवर गेले तर पोचतात फक्त ३६. ते न पोचल्यामुळे मीटर पुन्हा पाठवतात, गर्दी आणखी वाढते, बॅटऱ्या आणखी झिजतात. दोनशे मीटरांचा पथदर्शी प्रयोग उत्तम चालतो आणि वीस हजारांवर गेल्यावर तोच ढेपाळतो, त्याचं हे एक मोठं कारण आहे. प्रयोगात ही गर्दी कधी झालेलीच नसते.

यातली एक चूक तर केवळ घड्याळाची असते. सगळ्या मीटरांना ‘ठीक बारा वाजता पाठव’ असं सांगितलेलं असतं. मोजायचं ठीक बाराला आणि पाठवायचं पुढच्या तासाभरात कधीतरी, प्रत्येकाने वेगळ्या मिनिटाला, एवढा बदल केला की काम भागतं. हजारो उपकरणांनी आपसात न बोलता वेळ आणि पायरी वाटून घ्यावी कशी, हा आजही संशोधनाचा जिवंत विषय आहे.

मग मोबाइलचं नेटवर्क का नको?

जरूर चालेल. एनबी-आयओटी ही मोबाइल कंपन्यांच्या परवान्यातल्या पट्ट्यावर चालणारी, खास मीटरसारख्या उपकरणांसाठी २०१६ मध्ये ठरवलेली पद्धत आहे. टॉवर आधीच उभे असतात, गेटवे सांभाळावा लागत नाही, आणि खोल तळघरातूनही बोलता यावं असाच तिचा आराखडा आहे. बदल्यात प्रत्येक मीटरमागे कनेक्शनचं भाडं येतं, आणि नेटवर्क किती वर्षं चालू ठेवायचं हा निर्णय महापालिकेच्या हातात राहत नाही.

या दुसऱ्या अटीची किंमत सॅन फ्रान्सिस्कोने मोजली आहे. अमेरिकेत एटी अँड टी कंपनीने २०१६ च्या अखेरीस आपलं टू-जी नेटवर्क बंद केलं. जानेवारी २०१७ मध्ये त्या शहरातल्या बसथांब्यांवर ‘पुढची बस किती मिनिटांत’ हे सांगणारी यंत्रणा कोलमडली, कारण बऱ्याच गाड्यांमध्ये अजून टू-जी मोडेमच होते. बसमधला मोडेम डेपोत बदलता येतो. लाखभर चेंबरमधला बदलणं म्हणजे नवी योजनाच.

रीडिंग आलं, पण कुणाचं?

रेडिओ, बॅटरी सगळं जमलं तरी बिल चुकू शकतं, आणि ही चूक हाताने होते. एका वाड्यात सहा जोड, सहा सारखे मीटर, कंत्राटदाराच्या माणसाकडे सहा ग्राहक क्रमांकांची यादी. दोन क्रमांक अदलाबदल झाले की एकाचं बिल दुसऱ्याला, आणि ते उघडकीला यायला वर्ष जातं. मीटरवरचा कोड स्कॅन करणं, जोडणीचा आणि सुरुवातीच्या आकड्याचा फोटो काढणं आणि जागेची नोंद करणं हे तिन्ही त्याच क्षणी, त्याच मोबाइलवर झालं पाहिजे. संध्याकाळी कार्यालयात बसून कागदावरून भरलेल्या माहितीवर विश्वास ठेवू नये.

दुसरी चूक गुणकाची. काही मीटर दर दहा लिटरला एक ठोका देतात, काही दर लिटरला. सर्व्हरवर चुकीचा गुणक भरला तर बिल दहापट तरी येतं किंवा दहावा हिस्सा तरी. दहापट आलेला माणूस तक्रार करतो, दहावा हिस्सा आलेला गप्प राहतो.

एवढं करून शहराला मिळतं काय?

गळतीचा पत्ता. समजा एका वस्तीला एकाच जलवाहिनीतून पाणी जातं आणि तिच्या तोंडाशी मोठा मीटर आहे. तो म्हणतो, काल पाच लाख लिटर गेलं. घरोघरच्या मीटरांची बेरीज सव्वातीन लाख. उरलेलं पावणेदोन लाख लिटर त्या वस्तीतच मुरलं, चोरीला गेलं किंवा मोजलंच गेलं नाही. ही वजाबाकी खरी ठरायला सगळी रीडिंगं एकाच वेळेची लागतात. घरोघर फिरून पंधरा दिवसांत घेतलेल्या आकड्यांनी ती जमत नाही.

त्याहून नेमकी खूण रात्रीची. पहाटे दोन ते चारच्या दरम्यान माणसं झोपलेली असतात, तेव्हा वस्तीत शिरणारं पाणी बहुतेक गळतीचं असतं. पण चोवीस तास पाणी नसेल तर त्या वेळी नळच रिकामे असतात आणि ही खूण मिळत नाही. म्हणून मीटरांच्या आधी किंवा निदान त्यांच्या बरोबरीने पुरवठा सुधारायला हवा.

रेडिएशन, पाळत आणि हॅकिंग

रेडिएशनची भीती मोजून पाहू. बऱ्याच मीटरांची प्रक्षेपणशक्ती २५ मिलिवॉटच्या आसपास असते. बाराव्या पायरीवर दीड सेकंदाचे चोवीस संदेश म्हणजे दिवसभरात ३६ सेकंद, तेही जमिनीखालून. फोर-जी फोन गरज पडल्यास २०० मिलिवॉटपर्यंत जातो आणि तो आपण कानाला लावतो. या कारणासाठी मीटर नाकारायची गरज नाही.

पाळतीची शंका मात्र मी हलकी धरणार नाही. बंगल्यातल्या, टाकीशिवायच्या जोडाचं तासातासाचं रीडिंग पाहून घर कधी रिकामं असतं हे ओळखता येतं. सोसायटीच्या हौदाआधीच्या सामाईक मीटरवरून फक्त हौद कधी भरला ते कळतं, घराघरातलं काही नाही. बिलासाठी महिन्याचा एक आकडा पुरतो आणि गळतीसाठी वस्तीची बेरीज पुरते. घरनिहाय तासाची नोंद कोण पाहू शकतो, किती दिवस ठेवली जाते, पोलिसांनी किंवा खासगी कंपनीने मागितली तर काय करायचं, हे यंत्र बसवण्याआधी सभागृहात ठरलं पाहिजे. अमेरिकेतल्या सॅन डिएगोने सुमारे तीन हजार दिव्यांच्या खांबांवर कॅमेरे आणि सेन्सर बसवले आणि नियम मागाहून करायचे ठेवले. कॅमेऱ्यातली दृश्यं पोलीस तपासासाठी वापरतात हे कळल्यावर लोक खवळले आणि २०२० मध्ये महापौरांनी ते बंद करायला सांगितले. आपल्याकडे वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे, त्यामुळे हे प्रश्न विचारायला नागरिकांकडे आता आधार आहे.

हॅकिंगचा धडा २०१६ चा. मिराई नावाच्या घातक प्रोग्रॅमने साधे कॅमेरे आणि घरगुती राउटर काबीज केले, तेही कारखान्यातून आलेले साठेक ठराविक पासवर्ड एकामागून एक टाकून पाहत. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी त्या फौजेने साइटचे इंटरनेटवरचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन या कंपनीवर मारा केला आणि अमेरिकेत ट्विटरसारख्या साइट काही तास मिळेनाशा झाल्या. पाण्याचा मीटर थेट इंटरनेटवर नसतो, गेटवे असतो. त्याचा पासवर्ड बदलला आहे का, आणि प्रत्येक मीटरची गुप्त किल्ली, म्हणजे संदेश कुलूपबंद करणारा सांकेतिक आकडा, वेगळी आहे का, हे दोन प्रश्न पुष्कळ काम करतात. सगळ्या मीटरांना एकच किल्ली दिली असेल तर एक मीटर फोडणारा सगळ्यांचे संदेश वाचू शकतो. दुरून पाणी बंद करणारा व्हॉल्व्ह असलेले मीटर घेताना तर दहादा विचार करावा.

चूक सापडली तर दुरून सॉफ्टवेअर बदलू, असं सांगितलं जातं. बाराव्या पायरीवर एका संदेशात जेमतेम ५१ बाइट मावतात. शंभर किलोबाइटचं सॉफ्टवेअर म्हणजे सुमारे दोन हजार संदेश, दीड तासाचं अखंड प्रक्षेपण, आणि तेवढा वेळ बॅटरीवरच्या मीटरने जागं राहून ऐकायचं. हे होतं, पण दर महिन्याला करण्यासारखं नाही.

कंत्राटात काय हवं

वीजमीटरांच्या केंद्रीय योजनेत एक चांगली गोष्ट आहे. तिथे कंपनीला मोठा भाग दरमहा, दर मीटरमागे, सेवेच्या अटी पाळल्यावर मिळतो. पाण्याला हेच लागू करावं. ‘इतके मीटर बसवले’ यावर पैसे दिले की बसवण्याचाच वेग वाढतो. मागच्या चोवीस तासांत किती मीटरांची रीडिंगं आली, यावर दिले की कंपनी स्वतःहून गेटवे वाढवते.

दुसरं, किल्ल्या आणि संदेशांची रचना महापालिकेच्या मालकीची असावी, नाहीतर कंपनी बदलताना चालू मीटर फेकून द्यावे लागतात. उपकरणांनी एकमेकांशी कसं बोलावं यासाठी ‘वनएमटूएम’ हे मानक देशाने २०२० मध्ये राष्ट्रीय मानक म्हणून स्वीकारलं आहे. निविदेत ते मागता येतं. हैदराबादच्या ट्रिपल आयटीमध्ये याच मानकावर आधारलेली यंत्रणा परिसरभर बसवून संशोधन चालतं. जुन्या आकड्यांच्या मीटरवर छोटा कॅमेरा लावून रीडिंग वाचण्याचा प्रयोगही तिथे झाला आहे. सगळेच मीटर बदलायची ऐपत नसलेल्या नगरपालिकांनी तो मार्ग पाहावा.

तिसरं, मोठी ऑर्डर देण्याआधी एका वस्तीत एक पूर्ण पावसाळा प्रयोग व्हावा. जानेवारी ते मार्चमध्ये केलेल्या चाचणीला चेंबरमधलं पाणी भेटतच नाही. वळवाच्या विजांनी गेटवेचं काय होतं हेही तेव्हा कळत नाही.

आपला मीटर घरच्या घरी तपासताना

पाणी येत असताना मीटरनंतरचे सगळे नळ आणि टाकीचा कॉक बंद करा आणि मीटरवरची छोटी चांदणी किंवा शेवटचा अंक दहा मिनिटं पाहा. सरकत असेल तर मीटर आणि नळ यांच्यामध्ये कुठेतरी गळती आहे.

मग आकडा लिहून घ्या आणि २० लिटरचा जार पाचदा, नळ बऱ्यापैकी मोठा सोडून भरा. एक घनमीटर म्हणजे १,००० लिटर, तेव्हा शंभर लिटरला मीटर ०.१०० ने पुढे जायला हवा. या प्रवाहाला दोन टक्के फरक मान्य असतो, आणि जार काठोकाठ भरण्यातली चूक धरून ९६ ते १०४ लिटर आलं तरी मीटर ठीक समजा. पाणी सुटल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत ही चाचणी करू नका, तेव्हा नळात हवा असते. त्या मिनिटांचा मोबाइलवर व्हिडिओ मात्र काढून ठेवा. धार फुरफुरत असताना आकडा पळताना दिसला, तर हवेची तक्रार करायला तो पुरावा होतो.

शेवटी मीटरवरचा आकडा आणि त्याच सुमाराचा बिलावरचा आकडा ताडून पाहा. जार-चाचणीत मीटर बरोबर आणि बिलावरचा आकडा दहापट किंवा भलताच असेल, तर अर्जात ‘मीटर सदोष आहे’ असं लिहू नका, मीटर तपासणीत पास होईल आणि अर्ज निकाली निघेल. ‘मीटरवरील आकडा व बिलावरील आकडा जुळत नाही, मीटर क्रमांक व गुणक पडताळावा’ असं लिहा आणि क्रमांक दिसेल असा तारखेचा फोटो जोडा.